गिफ्ट शॉपमध्ये बुद्ध आहेत, मग बाबासाहेब का नाहीत?



पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही गिफ्ट शॉपमध्ये जा. निगडी, आकुर्डी, भोसरी, पिंपरी कॅम्प, नाहीतर थेट चाकणची बाजारपेठ. काचेच्या फळीवर बुद्धमूर्ती हमखास दिसेल. रेझिनची, फायबरची, पाण्याच्या कारंज्यात बसवलेली. काही ठिकाणी तर नुसतं मानेपासून वरचं शिर, 'शोपीस' म्हणून. शेजारी ढेरपोट्या 'लाफिंग बुद्धा' असतो. तो तथागत बुद्ध नव्हेच. १० व्या शतकातल्या बुदाई नावाच्या चिनी भिक्खूवरून ती आकृती आली. गिऱ्हाईक विचारतं, "हा घरात कुठल्या दिशेला ठेवायचा?" आणि दुकानदार वास्तुशास्त्र सांगायला लागतो. आपली बुद्धी वापरा, तपासून घ्या, असं सांगणाऱ्या तथागतांचा उपयोग वास्तुदोष घालवायला चालला आहे.

आता त्याच दुकानातला ग्रीटिंग कार्डांचा स्टँड बघा. नाताळ, नवीन वर्ष, व्हॅलेंटाइन, फ्रेंडशिप डे, राखी, दिवाळी. १४ एप्रिलचं एक कार्ड नाही. बुद्ध पौर्णिमेचं नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं नाही. सावित्रीमाईंच्या जयंतीचं नाही. ज्या शहरात पिंपरी चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर १४ एप्रिलला पाय ठेवायला जागा उरत नाही, त्याच शहरातल्या दुकानात त्या दिवसाची शुभेच्छा कागदावर विकत मिळत नाही. म्हणजे दुकानाला बुद्ध चालतात, धम्म चालत नाही. बुद्ध चालतात, पण ज्यांनी ते आम्हाला परत मिळवून दिले ते बाबासाहेब चालत नाहीत.

कुणी म्हणेल, कार्ड हा काय चळवळीचा विषय आहे का? अत्याचार, कंत्राटी कामगारांची पिळवणूक, रखडलेली शिष्यवृत्ती हे विषय संपले का? संपलेले नाहीत. त्यांवर आम्ही लिहितो आणि लिहीत राहू. पण बाजारात उघडपणे काय मांडलं जातं, यावरून एखादं शहर कुणाचा आनंद आपला मानतं ते कळतं. आमचं दुःख वर्तमानपत्रात छापून येतं. आमचा आनंद मात्र वस्तीच्या कमानीच्या आतच राहावा, अशी व्यवस्था आहे. तो कमानीबाहेर कसा न्यायचा, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

कार्डांच्या धंद्याच्या दोन मोठ्या तारखा म्हणजे २५ डिसेंबर आणि १ जानेवारी. आता आपलं कॅलेंडर उघडा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृतीचं दहन झालं. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी आपल्या शेजारच्या देहूरोडला ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ २ वर्षं आधी. १ जानेवारी १८१८ ही कोरेगाव भीमाची लढाई, आणि चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याने निघालं की कोरेगाव फार लांब नाही. ३ जानेवारी १८३१ हा सावित्रीमाईंचा जन्मदिवस. दहा दिवसांत एवढ्या तारखा! त्याच दहा दिवसांत दुकानं कार्डांनी भरलेली असतात, आणि त्यात आपलं एकही नसतं. देहूरोडला धम्मभूमीवर हजारो लोक येऊन जातात. तीन स्टेशनं अलीकडे पिंपरीतल्या दुकानात मात्र त्या दिवसाचा अर्थ फक्त सांताक्लॉज. नाताळाशी आमचं भांडण नाही. ख्रिस्ती बांधवांनी त्यांचा सण जरूर साजरा करावा. आमचा प्रश्न एवढाच, की आमचा २५ डिसेंबर कुठे आहे?

या ग्रीटिंग कार्डाचा इतिहासही माहीत असावा. बाजारात विकलं गेलेलं पहिलं नाताळचं कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघालं. हेन्री कोल या अधिकाऱ्याने जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून ते काढून घेतलं आणि सुमारे १,००० प्रती छापल्या. किंमत १ शिलिंग, म्हणजे तिथल्या मजुराला न परवडणारी. मधोमध एक खातंपितं कुटुंब पेले उंचावतंय आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र दिलं जातंय, असं ते चित्र होतं. पहिल्या कार्डावरच गरिबाची जागा कडेला, हात पसरून! तेव्हा कार्ड म्हणजे निव्वळ गोड गोड शुभेच्छा, असं समजू नका. कोण मध्यभागी आणि कोण कडेला, हे त्यावरचं चित्र ठरवत असतं.

आपल्याकडचं उदाहरण तर आपल्याच लोकलच्या मार्गावर आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि काही वर्षांतच तो मळवलीला हलवला. मळवली म्हणजे लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन, जिथे उतरून आपण कार्ले आणि भाजेची लेणी बघायला जातो. दोन हजार वर्षांपूर्वी जिथे दगडात चैत्यगृहं कोरली गेली, त्याच परिसरात विसाव्या शतकात लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं छापली गेली आणि देशभर घराघरांत गेली. देवी गोरी, भरजरी साडीतली, अंगभर दागिने घातलेली असते, हे लोकांच्या डोळ्यांत बसवण्यात या कागदांचा वाटा फार मोठा आहे.

यात एक गोष्ट आपल्या लोकांनी नीट लक्षात घेतली पाहिजे. आमच्या आज्या-पणज्यांना देवळात जायला बंदी होती. दगडाचा देव बंद दाराआड होता. पण छापलेला देव काही पैशांत विकत मिळत होता आणि तो झोपडीच्या भिंतीवर येऊन बसला. देवळाने बाहेर ठेवलं, छापखान्याने गिऱ्हाईक केलं. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ नंतर, २२ प्रतिज्ञा घेतल्यावर, आपल्या लोकांनी त्या तसबिरी उतरवल्या. कुणी नदीत सोडल्या, कुणी विहिरीत. आणि त्याच खिळ्यावर बुद्ध आणि बाबासाहेबांची फ्रेम लागली. घरातलं एक चित्र बदलणं ही केवढी मोठी क्रांती असते, हे आपल्या समाजाइतकं कुणाला ठाऊक आहे? बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात कुंचला हातात घेतला आणि उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचं चित्र काढलं. ध्यानात डोळे मिटलेला बुद्ध सगळीकडे होता. जगाचं दुःख बघणारा बुद्ध त्यांना हवा होता. चित्राने विचार बदलतो, यावर त्यांचा विश्वास होता याचा आणखी काय पुरावा पाहिजे?

म्हणजे कागदाची परंपरा आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅलेंडर, डायऱ्या, पोस्टर, बिल्ले यांचे स्टॉल लागतात आणि खेड्यातून आलेला माणूस भाकरीचं गाठोडं सांभाळत त्यातलं काहीतरी घेऊनच जातो. पण दोन गोष्टी राहून गेल्या आहेत. एक, त्या चित्रांवर चित्रकाराचं नाव नसतं. दोन, हा सगळा व्यवहार आपल्या लोकांनी आपल्याच लोकांशी केलेला असतो. कमानीबाहेरच्या माणसाच्या हातात तो कागद जात नाही.

दुसरी गोष्ट किती खोल आहे ते आमच्या पट्ट्यातल्या लग्नपत्रिकांवरून कळेल. चाकण, म्हाळुंगे, तळवडे भागात कंपनीत काम करणाऱ्या आमच्या कितीतरी मुलांनी दोन प्रकारच्या पत्रिका छापलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. एक नातेवाइकांसाठी, तिच्यावर बुद्ध, बाबासाहेब, वर 'मंगल परिणय'. दुसरी कंपनीतल्या सुपरवायझर आणि सहकाऱ्यांसाठी, तिच्यावर नुसती फुलांची वेलबुट्टी. त्यांना नावं ठेवायला आम्ही हे लिहीत नाही. मुलगा कंत्राटी आहे, ११ महिन्यांनी नूतनीकरण व्हायचं असतं, आडनाव असं की पटकन कळत नाही, आणि खोलीचा मालक जात विचारून भाडेकरू ठेवणारा. पत्रिकेवरच्या एका चित्राने त्याची खोलीही जाऊ शकते. ज्याच्या हातात तो कागद द्यायचा त्याच्या डोळ्यांत पुढच्या क्षणी काय बदलेल, याची भीती त्याला असते. ही भीती त्याने निर्माण केलेली नाही. पण ती जायची असेल तर तो कागद आधी नेहमीचा झाला पाहिजे, दुकानात सहज दिसला पाहिजे. सांताक्लॉजचं कार्ड देताना कुणाला कुणाची जात कळत नाही, कारण ते सगळ्यांचं झालं आहे. बाबासाहेबांचं कार्ड सगळ्यांचं का होऊ नये? संविधान सगळ्यांचं आहे ना?

हा विचार करून आम्ही काही मित्रमैत्रिणींनी २५ डिसेंबरसाठी कार्डं काढायचं ठरवलं. आमच्यातल्या एकाने जी. डी. आर्ट केलं आहे. वडील महापालिकेत सफाई कामगार, आणि हा चाकणच्या एका वेअरहाऊसमध्ये रात्रपाळीला पॅकिंग करतो. पुठ्ठ्याच्या शेकडो खोक्यांना टेप लावणारा हात संध्याकाळी घरी पेन आणि शाई घेऊन बसतो. त्याने चार चित्रं काढली. देहूरोडचं विहार आणि समोर रेल्वेचे रूळ. महाडच्या अग्नीभोवती उभी माणसं, ज्यात एकाचाही चेहरा ओळखीचा नाही. शेणमाती झेलत शाळेत निघालेल्या सावित्रीमाई, पण त्यांनी हातात बदलायची दुसरी साडी घट्ट धरलेली. आणि डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघणारी बाई, जिच्या पिशवीवर अशोकचक्र आहे. मागच्या बाजूला खाली चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव आणि किंमत.

कार्डं घेऊन आम्ही दुकानं फिरलो. एका दुकानदाराने चित्रं हातात घेऊन "कागद चांगला आहे" असं म्हटलं आणि मग हळूच विचारलं, "हे पुढे लावलं तर बाकीची गिऱ्हाइकं काय म्हणतील?" त्याच्या डोक्यामागच्या फळीवर सात-आठ बुद्धमूर्ती होत्या. आम्ही त्या मोजून दाखवल्या. तो हसला, पण कार्डं ठेवली नाहीत. दुसऱ्या एका छोट्या दुकानातल्या ताईंनी मात्र काही विचारलं नाही. "विकली तर पैसे, नाही तर परत न्या," म्हणाल्या आणि काउंटरवर पेनांच्या शेजारी ठेवली. तिथे आमच्या लोकांनी घेतलीच, पण बसची वाट बघणारी बाई सगळ्यात जास्त गेली आणि ती घेणाऱ्यांत सगळ्या जातींच्या कामगार बायका होत्या. "ही तर मीच," असं एकीने काउंटरवरच म्हटल्याचं ताईंनी सांगितलं. अशोकचक्र तिला दिसलं की नाही आम्हाला माहीत नाही. दिसलं असेल तर उत्तम. नसेल तर घरी गेल्यावर दिसेल.

आता पैशाचं बोलू, कारण चळवळीत पैशाचं बोलणं लोक टाळतात आणि मग कलाकार उपाशी राहतो. चार रंगांच्या ऑफसेट छपाईला चार प्लेटा लागतात. प्लेटांचा खर्च १०० प्रतींना तेवढाच आणि २,००० प्रतींनाही तेवढाच. म्हणून कमी प्रती असतील तर डिजिटल प्रिंट स्वस्त पडते, जास्त असतील तर ऑफसेट. वर जाड आर्ट कार्ड, क्रीजिंग, कटिंग आणि पाकीट. समजा ४० रुपयांचं कार्ड आहे. छपाई आणि पाकिटाला १५ गेले, दुकानदाराला १२ दिले, तर उरतात १३. त्यातले किमान ८ चित्रकाराचे, असा आमचा नियम आहे. ५०० कार्डं गेली तर त्याच्या हातात ४,००० येतात. नोकरी सोडण्याइतके नाहीत, पण 'समाजाचं काम आहे, फुकट करून दे' या वाक्यापेक्षा कितीतरी सन्मानाचे.

हे वाक्य आमच्या कलाकारांनी फार ऐकलं आहे. जयंती मंडळाचा बॅनर फुकट, विहाराची भिंत फुकट, मोर्चाचे फलक फुकट. डीजेवाल्याला मात्र आगाऊ रक्कम. फ्लेक्सवाल्याला रोख. आणि त्या फ्लेक्सवर काय असतं? पाव भागात बाबासाहेब, उरलेल्या पाऊण भागात नगरसेवक आणि होऊ घातलेले नगरसेवक. १५ एप्रिलला तोच फ्लेक्स कुणाच्या तरी पत्र्यावर गळती थांबवायला पडलेला असतो. या फ्लेक्सनेच आपल्या पेंटर लोकांचं काम खाल्लं. भिंतीवर, पाटीवर, गाडीच्या मागे 'जयभीम' असं एका दमात लिहिणारे हात आज कंत्राटी हेल्पर झाले आहेत. एका मंडळाने एका जयंतीतला एक फ्लेक्स कमी केला तरी एका चित्रकाराच्या कार्डांची छपाई निघते.

मोबाईलवर फुकट चित्र मिळतं, मग विकत कशाला? हा आक्षेप आम्ही रोज ऐकतो. १४ एप्रिलच्या पहाटेपासून चित्रं फिरायला लागतात. कुणा मुलीने रात्र जागून काढलेलं चित्र असतं, तिची सही कोपऱ्यात असते. कुणीतरी ती सही कापतो, तिथे आपला फोटो आणि मोबाईल नंबर टाकतो, वर 'शुभेच्छुक'! हे चोरीइतकंच वाईट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने चित्रकाराला आपलं नाव लावण्याचा हक्क दिला आहे, आणि चित्राचे हक्क विकले तरी तो हक्क जात नाही. ज्या माणसांनी शतकानुशतकं श्रम केले आणि ज्यांचं नाव कुठेच लागलं नाही, त्यांच्याच लेकरांनी आपल्या कलाकाराचं नाव कापावं?

संविधानाची मूळ प्रत बघा. तीही एका अर्थाने कलाकारांनी सजवलेला कागदच आहे. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी ती हाताने लिहिली, नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांनी तिची पानं सजवली. प्रास्ताविकेच्या पानाची सजावट करणाऱ्या ब्योहार राममनोहर सिन्हांची सही त्या पानाच्या कोपऱ्यात आजही दिसते. देशाच्या सर्वोच्च ग्रंथात चित्रकाराची सही चालते आणि आमच्या फॉरवर्डमध्ये चालत नाही! २०११ साली बाबासाहेबांच्या जीवनावर 'भीमायन' हे चित्रपुस्तक आलं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी ते चितारलं. त्यांनी कॉमिकसारख्या चौकटी नाकारल्या. चांगल्या माणसांच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार दिला आणि जातीच्या विखारी बोलण्याला विंचवाची नांगी. आदिवासी कलेच्या डोळ्यांनी बाबासाहेब असे दिसतात, हे जगाला कळलं ते त्यांच्या नावासकट. हीच रीत आपण धरली पाहिजे.

आणखी एक आक्षेप आमच्यातल्याच जाणत्या लोकांकडून येतो आणि तो गंभीर आहे. बाबासाहेबांचा बाजार मांडू नका, विभूतिपूजा वाढवू नका. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनीच राजकारणातल्या भक्तीच्या धोक्याचा इशारा दिला होता. आम्हाला तो मान्य आहे. म्हणूनच आमच्या चार कार्डांपैकी एकावरही बाबासाहेबांचा चेहरा नाही. त्यांनी केलेली कामं आहेत आणि त्या कामांमुळे उभी राहिलेली माणसं आहेत. मग आमच्याच मथळ्यातला प्रश्न कुणी आम्हाला विचारेल, की बाबासाहेब कुठे आहेत? आमचं उत्तर असं, की कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या त्या बाईच्या ताठ मानेत आहेत. चेहरा विकणं सोपं आहे. विचार चित्रात आणायला चित्रकार लागतो आणि त्याला वेळ द्यावा लागतो, पैसे द्यावे लागतात.

आणि विषयांची काय कमी आहे? दुकानातल्या तयार कार्डांत आपल्या आयुष्यातले प्रसंगच नाहीत. ३० वर्षं शहराचे रस्ते झाडून निवृत्त होणाऱ्या मावशींसाठी कार्ड नाही. घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीसाठी नाही. नामकरणासाठी नाही. पुण्यानुमोदनाला गेल्यावर घरच्यांच्या हातात देण्यासारखे सांत्वनाचे चार शब्द नाहीत. आंतरजातीय लग्न करून घराबाहेर पडलेल्या जोडप्याला "आम्ही तुमच्या बाजूला आहोत" असं सांगणारा कागद नाही. कंत्राट संपून घरी बसलेल्या मित्राला द्यायचं कार्ड कुठल्या कंपनीने काढलंय? हे विषय ज्यांनी जगले त्यांनाच सुचतील. इंग्रजी कविता छापणाऱ्यांना नाही सुचणार.

कार्डांच्या विक्रीतून मोठं काम उभं राहतं हे याच राज्यात घडलेलं आहे. १९७९ साली मुंबईत रिपन कपूर या विमानसेवेतल्या पर्सरने मित्रांना घेऊन ५० रुपयांवर 'क्राय' ही संस्था सुरू केली आणि मुलांच्या कामासाठी ग्रीटिंग कार्डं विकून निधी उभा केला. आपल्याकडे माणसं कमी आहेत का? दरवर्षी धम्मभूमीवर येणाऱ्यांपैकी दहातल्या एकाने एक कार्ड घेतलं तरी किती मुलांची पुस्तकं येतील, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

म्हणून तरुण भीमसैनिकांना आमचं सांगणं सरळ आहे. आपल्या वस्तीत चित्र काढणारा मुलगा, अक्षरलेखन करणारी मुलगी शोधा आणि तिला कामाचे पैसे द्या. चित्र पुढे पाठवताना सही कापू नका. मंडळाच्या खर्चात 'कलाकार मानधन' असा वेगळा रकाना घाला. आपल्या भागातल्या गिफ्ट शॉपमध्ये जाऊन "१४ एप्रिलचं कार्ड आहे का?" असं विचारा. नाही म्हणाले तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने विचारा. दुकानदाराला जातीपेक्षा गिऱ्हाईक लवकर समजतं.

आणि कार्ड घेतलंत तर दोन घ्या. एक आपल्या माणसाला द्या. दुसरं जो आपल्यातला नाही त्याला, शेजारच्या मशीनवरच्या, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला, नाव लिहून, हातात द्या. ज्याला आज ते शक्य नाही त्याच्यावर कुणी बोट दाखवू नये. ज्याची नोकरी पक्की आहे, ज्याचं घर स्वतःचं आहे, त्याने आधी द्यावं. कायम नोकरीत असलेल्यांनी सुरुवात केली तर कंत्राटी मुलाला पुढच्या वर्षी दोन पत्रिका छापाव्या लागणार नाहीत.

जयभीम! नमो बुद्धाय!